भावी न्यायमूर्तींचा भाऊ

नवऱ्याचं कौतुक चारचौघांत करू नये, दृष्ट लागते म्हणतात. मी कधीच केलं नाही. उलट सगळा संसार त्यांच्या नावानं खडे फोडण्यात गेला. तरी दृष्ट लागायची ती लागलीच. मग आता कुणाच्या बापाला भ्यायचंय? आता बोलते.

आमचे हे, खंडू पंडागळे, मूळचे जिंतूरकडचे. भाईंदरला आले तेव्हा पेंटर होते. दुकानांच्या पाट्या, शाळांच्या भिंती, टेम्पोची मागची फळी, जिथे सांगाल तिथे अक्षरं काढायचे. शाळा सातवीपर्यंतच झालेली, पण हात असा की पट्टी न लावता सरळ ओळ मारायचे. आई-वडील लवकर गेले होते. मागे राहिली धाकटी बहीण, स्नेहल. तिला बोटाला धरूनच हा माणूस इकडे आला. मी लग्न होऊन आले तर घरात सासू नाही, सासरा नाही, दोन वेण्या घातलेली एक नणंद तेवढी पुस्तकात नाक खुपसून बसलेली. पहिल्याच आठवड्यात मला म्हणाले, "वैजयंता, हिला कामाला जुंपायचं नाही हां. हिला शिकायचंय." मी म्हटलं, "अन् मला जुंपलं तर चालेल?" तर नुसते हसले. लबाड माणूस.

खोटं कशाला बोलू, सुरुवातीला मला तिचा राग यायचा. दुधावरची साय तिला, खिडकीजवळची जागा तिला, नवी चप्पल आधी तिला. पण पोरगी होतीच तशी गोड. पुढे वकिलीचा अभ्यास करायला लागली तेव्हा मी डब्यांच्या पोळ्या लाटत बसायची आणि ती माझ्यासमोर कायदा घोकायची. मध्येच विचारायची, "वहिनी, बरोबर म्हटलं ना?" मी म्हणायची, "अगदी बरोबर, आता तवा उतरव." ती वकील झाली, हायकोर्टात उभी राहायला लागली, इथेच मीरा रोडच्या बेव्हर्ली पार्कला तिनं छोटासा फ्लॅट घेतला. लग्न काही केलं नाही. विचारलं की म्हणायची, "वहिनी, मला वेळ कुठाय?" पण रविवारचं जेवण आमच्याकडेच. त्यात खाडा नाही.

मधल्या काळात फ्लेक्स आले आणि पेंटर लोकांच्या पोटावर पाय आला. मशीनमधून धडधड छापून बाहेर, हातानं लिहिणाऱ्याला कोण विचारतंय? यांनी ब्रश ठेवला आणि फ्लेक्स लावायचं काम धरलं. लाकडी पट्ट्यांची चौकट ठोकायची, त्यावर फ्लेक्स ताणायचा, खांबावर चढून बांधायचा. आमच्या मीरा-भाईंदरला या कामाला मरण नाही. इथे कुणाची कुत्री व्याली तरी अभिनंदनाचा फ्लेक्स लागेल. वाढदिवस, दहीहंडी, कुणी कुठल्या कमिटीवर आला, कुणी नुसताच गावाहून आला. आणि निवडणूक नसली तरी "भावी" असतातच. भावी नगरसेवक, भावी आमदार. निम्मं शहर भावी आहे.

हायकोर्टानं या बिनपरवाना फ्लेक्सवरून किती वेळा सगळ्यांचे कान उपटले. मग पालिकेची गाडी यायची, उतरवून न्यायची. पण हे सांगायचे की त्यातही गंमत असते. ज्या फ्लेक्सवर पुढाऱ्याचं तोंड नाही, तो दुपारपर्यंत गाडीत जातो. ज्यावर तोंड आहे, तो आठवडाभर टिकतो. म्हणून शाळेतल्या पोराला नव्वद टक्के पडले तरी त्याच्या डोक्यावर कुणीतरी हात जोडून हसत असतो. ही इथली रीतच पडून गेलीय. यांना त्यात वावगं काही वाटायचं नाही. पाऊस येणार म्हणून छत्री घ्यावी, तसं ते.

तर एका रविवारी स्नेहल आली, ताटावर बसली, आणि भात कालवता कालवता म्हणाली, "दादा, माझी संमती मागितलीये."

मी वाढायचा डाव तसाच धरून म्हटलं, "अगं बाई! कोण आहे मुलगा?"

"मुलगा नाही गं वहिनी. हायकोर्टाच्या जज्जसाठी. चीफ जस्टिस साहेबांनी बोलावलं होतं. म्हणाले, नाव पुढे पाठवायचंय, तुमची तयारी आहे का?"

यांनी हातातला घास खाली ठेवला. डोळे भरले ते पुसायचंही भान नाही. माझ्याकडे बघून म्हणाले, "ऐकलंस काय?" मी म्हटलं, "ऐकलं. कान आहेत मला." पण माझाही आवाज चिरकला.

मग जेवण बाजूला राहिलं आणि तिनं आम्हाला सगळं समजावून सांगितलं. संविधानात लिहिलंय की राष्ट्रपती न्यायाधीशांना विचारून हायकोर्टाचा जज्ज नेमतील. "पण विचारून म्हणजे काय?" ती म्हणाली. "नुसतं विचारायचं आणि मग आपल्या मनाचं करायचं? त्यावर वर्षानुवर्षं भांडण झालं. शेवटी सुप्रीम कोर्टाचे नऊ जज्ज बसले आणि त्यांनी अर्थ लावला. विचारून म्हणजे ज्यांना विचारलं त्यांचं ऐकून."

"आमच्या बाबांनीही मला विचारलं होतं," मी म्हटलं. "पाहुणे सुपारी फोडून जेवायला बसले होते, तेव्हा."

हे लोळून हसले. स्नेहल म्हणाली, "वहिनी, तुझ्या केसमध्ये कोर्टात जायला हवं होतं." मी म्हटलं, "आता काय उपयोग? माल वापरून झालाय."

मग यांनी विचारलं, "आणि सरकारला नकोच असेल तर?"

"तर नाव परत पाठवतात. जज्जांनी तेच नाव पुन्हा दिलं, तर मग नेमावं लागतं."

"मग झालं की!"

"नाही दादा. किती दिवसांत, ते कुठेच लिहिलेलं नाही. परत पाठवायला मुदत नाही, नेमायला मुदत नाही. नुसतं ठेवूनही देता येतं."

"ठेवून कशाला देतील? लोणचं आहे का?" हे म्हणाले, आणि विषय संपला. यांच्या दृष्टीनं ती जज्ज झालीच होती.

पुढे चौकशीला माणसं आली. साध्या कपड्यांतली दोघं. तिच्या बिल्डिंगच्या वॉचमनला विचारलं, शेजाऱ्यांना विचारलं, आणि मग आमच्याही दारात आली. सभ्य होती बिचारी. मी चहा दिला. एकानं यांना विचारलं, "तुमचा कुठल्या पक्षाशी संबंध?" तर हे छाती पुढे काढून म्हणाले, "सगळ्यांशी आहे साहेब. मी सगळ्यांचे फ्लेक्स लावतो." तो माणूस हसला. स्नेहलला सांगितलं तेव्हा तीही हसली. तोपर्यंत सगळं हसण्यावारीच होतं.

बरेच महिने गेले. मग एके दिवशी दुपारी तिचा फोन आला. सुप्रीम कोर्टाच्या जज्जांनीही नाव मान्य केलं, वेबसाइटवर टाकलं, आता दिल्लीहून सरकारचा हुकूम निघायचा तेवढा बाकी. आणि वर बजावलं, "दादा, शपथ होईपर्यंत कुणाला काही बोलायचं नाही. अगदी कुणालाच नाही." हे म्हणाले, "नाही बोलणार." बोलले नाहीतच. फ्लेक्स लावला.

मला कसलाही पत्ता नाही. सकाळी लवकर निघाले, मला वाटलं कुणाचं तरी काम असेल. गोल्डन नेस्ट सर्कलला, येता-जाता सगळ्यांना दिसेल असा, केवढा तो मोठा. मधोमध आमची स्नेहल, काळा कोट आणि पांढरे बँड घातलेली. वर लिहिलेलं, "भावी न्यायमूर्ती ॲड. स्नेहल पंडागळे यांचे हार्दिक अभिनंदन." आणि तिच्या डोक्यावर, हात जोडून हसणारे आमचे माजी नगरसेवक हरिश्चंद्र शेठ. पक्षाच्या चिन्हासकट. खाली शुभेच्छुकांच्या मुंडक्यांची रांग.

शेठकडे हे कायम कामाला असायचे. यांनी जाऊन सांगितलं, बहिणीचा फ्लेक्स लावायचाय, तुमचा फोटो टाकू का, म्हणजे कुणी उतरवणार नाही. शेठ म्हणाला, "अरे खंडू, तेरी बहन मतलब मेरी बहन. टाक, मोठा टाक." त्याच शेठच्या एका बिल्डिंगची केस हायकोर्टात चालू होती. हे यांना ठाऊक नव्हतं. यांना कसं ठाऊक असणार? ते खांबावर चढणारे, खाली कुणाचं काय चाललंय ते त्यांना कुणी सांगत नाही.

स्नेहल रिक्षानं स्टेशनला निघाली होती. हे घरी येऊन टेकतात तोच सर्कलला तिनं ते बघितलं. तिथूनच फोन केला, "दादा, तो आत्ताच्या आत्ता उतरव." आवाज ऐकूनच यांचा चेहरा उतरला. का म्हणून विचारलंही नाही. धावत गेले, वर चढले, स्वतःच्या हातानं सुतळ्या कापल्या. पण तोवर अख्ख्या शहरानं फोटो काढून इकडून तिकडे पाठवले होते. मोबाइलमधलं कोण उतरवणार?

संध्याकाळी ती आली. मला वाटलं, आता हिच्या तोंडाचा पट्टा सुटणार. हे खाली मान घालून बसलेले. ती त्यांच्या शेजारी बसली आणि म्हणाली, "तुला आनंद झाला होता, एवढंच ना?" आणि मला म्हणाली, "वहिनी, भूक लागलीये." ओरडली असती तर बरं झालं असतं. माणूस ओरडलं की निचरा होतो. हिनं गिळून टाकलं आणि यांनीही गिळून टाकलं.

त्यानंतर सुरू झालं वाट बघणं. तिच्याबरोबर ज्यांची नावं गेली होती त्यांचे हुकूम निघाले. एका यादीतली माणसं, पण हिचं तेवढं नाव बाजूला काढून ठेवलेलं. नकार नाही, होकार नाही, परतही पाठवलेलं नाही. ती बाकीच्यांच्या शपथविधीला गेली, नवी साडी नेसून गेली, टाळ्या वाजवून आली. मी विचारलं, "तुझंच का गं राहिलं?" म्हणाली, "कारण सांगत नाहीत वहिनी." मी म्हटलं, "वा रे वा! साध्या भाडेकरूला घराबाहेर काढायचं तर कोर्ट पानंच्या पानं कारणं लिहितं, आणि इथे एका बाईचं आयुष्य टांगून ठेवलंय तर एक ओळ नाही?" माझ्या तोंडाला लागायला ती मुळात कधी यायचीच नाही.

आणि इकडे तिची वकिली सुकत चालली. उत्तनजवळच्या डोंगरीच्या कॉनीबाईंची जमिनीची केस ती कित्येक वर्षं चालवत होती, त्यांच्या घरी हक्कानं जेवायला बसायची. कॉनीबाई एक दिवस आल्या आणि फाइल परत घेऊन गेल्या. जाताना माझ्याकडे डोकावल्या, रडत होत्या. "मॅडम लय चांगली हाय गो. पन ती कवापन जज्ज होनार, मंग आमचा अर्ध्यावर ऱ्हाईल. तवा कुठं मी नवा वकील शोधू, ह्या वयात?" खरंच होतं त्यांचं. तसेच राई गावचे अशील गेले, मोठे वकील काम पाठवायचे ते थांबले. जज्ज होणार म्हणून काम नाही, आणि जज्ज तर करत नाहीत. ना घरची ना घाटची. ऑफिसात टेबल पुसत बसायची माझी पोर.

हे मला रोज विचारायचे, "काय गं, कशानं अडलं असेल?" मी म्हणायची, "मला काय माहीत, मी दिल्लीला डबे देते का?" आणि एक दिवस त्यांना उत्तर मिळालं. शेठच्या ऑफिसात. चार माणसांत शेठ हसत म्हणाला, "खंडू, तुझ्या बहिणीच्या फाइलीत माझा फोटो लागलाय म्हणे! बघ, तुझ्या फ्लेक्सनं मला दिल्लीला पोचवलं." खरं होतं की नुसती फुशारकी, देव जाणे. हे घरी आले. चप्पल काढायची राहिली, तसेच आत येऊन बसले.

स्नेहलचा फ्लेक्स लागला होता त्या आठवड्यातल्या सगळ्या बिनपरवाना फ्लेक्सवरून पोलिसांत गुन्हे नोंदलेले होते, नेहमीसारखेच, अज्ञात इसमाविरुद्ध. हे कुणालाही न विचारता पोलीस स्टेशनला गेले आणि म्हणाले, "साहेब, ते अज्ञात इसम मी आहे." आपण होऊन आलेलं गिऱ्हाईक कोण सोडतंय? लगेच जबाब, लगेच सही.

घरी येऊन मला सांगितलं तेव्हा मी कपाळ बडवून घेतलं. "अहो, घरात हायकोर्टाची वकील असताना तिला न विचारता गेलात? अक्कल गहाण टाकलीत का?"

तर म्हणाले, "तिला विचारलं असतं तर ती नको म्हणाली असती. आणि मुख्य म्हणजे तिला माहीत झालं असतं. तिला यातलं काहीच माहीत नव्हतं, हे खरं राहायला पाहिजे ना? दोष कुणाचा ते एकदा सरकारी कागदावर आलं, की तिच्यावरचा डाग गेला." माझ्या डोक्यावर हात ठेवला, म्हणाले, कोर्टाचं काम होईपर्यंत तिला काही सांगायचं नाही. सातवी शिकलेल्या माणसानं कायद्याचा अर्थ लावला होता. आणि सांगू का, मलाही तो पटला होता. ऐकायला किती सरळ वाटतं!

मीरा रोडला नवं कोर्ट झालं होतं, तिथे तारीख लागली. मी बरोबर गेले. इस्त्रीचा शर्ट घालून गेले हे, लग्नाला निघाल्यासारखे. नाव पुकारलं. मॅजिस्ट्रेट बाई होत्या, वयानं स्नेहलपेक्षाही लहान. त्यांनी विचारलं, "गुन्हा कबूल आहे का?"

"कबूल आहे मॅडम. मीच लावला. माझ्या बहिणीला यातलं काही माहीत नव्हतं. तेवढं लिहून घ्या."

बाईंनी कागद बघितले. "बहीण कोण? आरोपी आहे का?"

"नाही मॅडम. फ्लेक्सवर होती."

"मग त्याची इथे गरज नाही. कबूल आहे एवढं पुरे."

"पण ते लिहिलं पाहिजे मॅडम. मी त्याच्यासाठीच आलोय."

बाई वाईट नव्हत्या. समजावून म्हणाल्या, "बाबा, या केसमध्ये तो प्रश्नच नाही. जो प्रश्न नाही त्याचं उत्तर मी कसं लिहू?" आणि पुढचं नाव पुकारलं. दंड भरून आम्ही बाहेर आलो. हे मला विचारत राहिले, "लिहिलं असेल ना गं? नंतर लिहितील ना?" मी म्हटलं, "लिहितील." काय बोलणार?

कोर्टाच्या हुकमाची नक्कल मिळाली ती घेऊन हे स्वतः बेव्हर्ली पार्कला गेले. बक्षीस मिळवून आणल्यासारखे. मी मागे मागे. स्नेहलनं वाचलं, परत वाचलं, आणि तिचा चेहरा पांढरा पडला. आयुष्यात पहिल्यांदा ती दादावर ओरडली.

"काय केलंस हे? गुन्हा अज्ञातावर होता दादा! तो असाच बंद झाला असता. आता काय झालं, कळतंय का तुला? आधी नुसती कुजबुज होती. आता कागद झाला. सख्खा भाऊ, शिक्षा झालेला!"

हे उभेच होते. म्हणाले, "अगं, पण तुला माहीत नव्हतं, ते..."

"ते कुठे आहे यात? दाखव मला, कुठे आहे?"

कागद चाळायला लागले. उलटा करूनही बघितला. मला ते बघवेना, मी तोंड फिरवलं.

लगेच तिला पश्चात्ताप झाला. रडली, हात धरले, "चुकलं माझं दादा, तोंडातून गेलं," म्हणाली. हे म्हणाले, "नाही गं, बरोबर बोललीस." तिला पाणी दिलं, शांत केलं. रिक्षात बसल्यावर मला म्हणाले, "सख्खा भाऊ आहे, हीच अडचण आहे ना? मग नको असायला." मी म्हटलं, "वेडेपणा करू नका." मला वाटलं, रागाचं बोलणं आहे, चार दिवसांत विरेल.

विरलं नाही. रविवारी ती यायच्या आत हे बाहेर पडायला लागले. फोन उचलेनात. तिचं नाव काढलं की उठून जायचे. शेठचं काम सोडलं, फ्लेक्सच सोडले. जुने ब्रश शोधून काढले आणि उत्तनच्या बाजूला जाऊन होड्यांवर नावं रंगवायला लागले. कॉनीबाईंच्या मुलानं, इग्नेशियसनं, आधी आपली होडी दिली, मग शब्द टाकून शेजाऱ्यांच्याही मिळवून दिल्या. मुद्दाम इतक्या लांब. का, तर म्हणे पुन्हा चौकशीला माणसं आली, तर लोकांनी सांगितलं पाहिजे की भावाचा-बहिणीचा काही संबंध नाही, वर्षं झाली, एकमेकांचं तोंड बघत नाहीत.

मी भांडले. जेवण बंद केलं, माहेरी जायची धमकी दिली. म्हटलं, "अहो, ती तुमच्या वाटेकडे डोळे लावून बसते, ताट तसंच ठेवून निघून जाते." तर म्हणायचे, "एकदा जज्ज होऊ दे. मग बघ, जाऊन तिच्या पाया पडेन." स्नेहलचा वाढदिवस आला तेव्हा ती नाक्यावर यांना गाठायला म्हणून उभी राहिली. यांनी तिला लांबून बघितलं आणि रस्ता ओलांडून पलीकडून निघून गेले. घरी येऊन मोरीत नळ सोडून रडले. नळाच्या आवाजात ऐकू येत नाही असं त्यांना वाटतं. लग्नाला एवढी वर्षं झाली, मला नळ आणि नवरा यातला फरक कळत नाही होय?

असं वर्ष उलटून गेलं. दिल्लीहून काहीच नाही.

गेल्या महिन्यात एका रविवारी यांना ताप होता म्हणून घरीच होते. दुपारी स्नेहल आली. बेल वाजली तशी हे पलंगावर उठून बसले आणि मला हातानं खूण केली, नाही म्हणून सांग. मी म्हटलं, "मी खोटं बोलणार नाही. तुम्हाला उघडायचं तर उघडा, नाहीतर असू दे बंद." आणि मी स्वयंपाकघराच्या दारात उभी राहिले.

बाहेरून ती म्हणाली, "दादा, आत आहेस, मला माहितीये. तुझी चप्पल इथेच आहे."

हे श्वास धरून बसलेले.

"दादा, ऐक. मी पत्र दिलं. माझी संमती मागे घेतली. आता मी जज्ज होणार नाहीये. पुढेही नाही. कुणी चौकशीला येणार नाही. आता तरी दार उघड."

हे उठले. भिंतीला धरून धरून गेले आणि दार उघडलं. किती वाळली होती ती! यांनी तिच्याकडे बघितलं आणि एकच म्हणाले, "का केलंस गं? का केलंस?"

"मला भाऊ पाहिजे होता," ती म्हणाली आणि उंबऱ्यातच खाली बसली.

"मग मी वर्षभर काय करत होतो?" हे म्हणाले. "तुला बघायचो नाही, ते कशासाठी? सगळं घालवलं मी तुझं. आधी फ्लेक्स लावून घालवलं, आता तोंड चुकवून घालवलं."

"तुझ्यामुळे झालं असं कुणी म्हटलं? दादा, कारण कुणीच लिहून दिलेलं नाही. मी विचारलं, मोठमोठ्या माणसांनी विचारलं. फ्लेक्स असेल, नसेल. माझी एखादी केस असेल. आपलं आडनाव असेल. काहीच नसेल, नुसतं राहून गेलं असेल. कुणालाच माहीत नाही."

"मला माहितीये," हे म्हणाले.

तिनं खूप सांगितलं. एवढी हायकोर्टाची वकील, पण यांच्यापुढे तिचं काही चाललं नाही. शेवटी, तिथेच तिच्यासमोर टेकलेल्या यांच्या गुडघ्यांवर डोकं ठेवून ती हमसून हमसून रडायला लागली. लहान असताना ती रडली की हेच तिचे डोळे पुसायचे, नाक पुसायचे, वेणीही घालायचे. मला वाटलं, आता हात डोक्यावर जाईल आणि सुटेल एकदाचं सगळं. पण हे हात पाठीमागे घेऊन बसले.

मी म्हटलं, "अहो, पुसा ना तिचे डोळे!"

म्हणाले, "नको. माझे हात रंगाचे आहेत."

कुठले रंगाचे? तापानं आठवडाभर अंथरुणात होते, ब्रश हातात धरला नव्हता. मी यांचे हात धरून पुढे ओढले, तिच्यासमोर उलटे-सुलटे करून दाखवले. "बघ गं, तूच बघ, आहे का कुठे रंग?" ती बघत राहिली, आणि हे माझ्या हातातून हात सोडवत राहिले.